वैजू, तुझं ते लॅक्टोफेरिन

वैजू,

तू गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण मला तुझ्याविषयी सांगतोय आणि मी मान हलवतोय. किती साधी होती, म्हणतात. किती हसतमुख. तू साधी होतीस हे मला मान्य नाही, आणि सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत हसतमुख तर मुळीच नव्हतीस. पण भेटायला आलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणून गप्प बसतो. वाद घालायची सवय मला तुझ्यामुळे लागली, आता ती घेऊन कुठे जायचं ते कळत नाही.

परवा बँकेतले जुने लोक आले होते. त्यातल्या एकाने विचारलं, वहिनी नेमकं कशावर काम करायच्या, दुधावरच ना? मी हो म्हणालो. त्याने लगेच आपल्या साडूच्या डेअरीची गोष्ट काढली. मग मात्र मला राहवलं नाही. चहा निवून जाईपर्यंत मी त्या सगळ्यांना लॅक्टोफेरिन समजावून सांगितलं. दुधात एक प्रथिन असतं, ते लोह धरून ठेवतं, जंतूंना लोह लागतं, ते त्यांना मिळू देत नाही. पण वैजूचा जीव त्याच्या दुसऱ्या गुणात अडकला होता, ते दाह कमी करतं. आणि बाळ वेळेआधी येण्यामागे पुष्कळदा हा दाहच असतो. सगळे अवाक होऊन बघत होते. जन्मभर कर्जखात्यात बसलेला माणूस गर्भाशयाबद्दल बोलतोय म्हणून असेल. मला एवढा अभिमान वाटत होता की आपण दुखवट्याला बसलोय हे मी विसरलो.

हे सगळं कुठून सुरू झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. ते आपण कुणालाच सांगितलं नव्हतं.

आपला मुलगा सातव्या महिन्यात आला. संध्याकाळपर्यंत राहिला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, आत जंतुसंसर्ग झाला असावा, त्याने कळा लवकर सुरू झाल्या. आईने ठरवून टाकलं की तू स्कूटरवर बसत होतीस म्हणून झालं. जळगावहून माझी मावशी आली, तिने पपईवर ठपका ठेवला. तू दोघींनाही काही बोलली नाहीस. तुझं भांडण डॉक्टरांच्या त्या एका शब्दाशी होतं. घरी आल्यावर तू मला विचारलंस, "असावा म्हणजे काय, श्री? झाला की नाही झाला?" मी म्हणालो, आता त्याचं काय. तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस. त्यानंतर त्याचं नाव निघालं नाही, कारण त्याचं नाव आपण ठेवलंच नव्हतं.

पुढे केतकी झाली, पूर्ण दिवसांची, धडधाकट. मला वाटलं, चला, संपलं. तू कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवत होतीस, पोर सांभाळत होतीस, आईची पथ्यं सांभाळत होतीस. केतकी शाळेत जायला लागली आणि एके दिवशी तू मटार सोलता सोलता सांगितलंस की तू पीएचडीला नाव नोंदवलंय. विषय काय, तर दुधातलं प्रथिन आणि वेळेआधी होणारी बाळंतपणं. आईचा हात परातीत थांबला. माझाही.

त्या दिवशी तू आम्हाला पहिल्यांदा समजावलंस. तुझ्या त्या उज्जैनी मराठीत, जिच्यातल्या क्रियापदांच्या शेवटचा "स" मी लग्नापासून शोधत होतो. "तू समजतो काय श्री, जंतू बाळाला बाहेर ढकलतात? नाही न. जंतू वर चढतात, मग आपलं शरीर त्यांच्याशी लढायला उठतं. त्या लढाईची जी आग होते न, ती पिशवीचा पडदा कमजोर करून टाकते आणि कळा सुरू करून देते. आपलीच आग." मग म्हणालीस की हे प्रथिन ती आग कमी करतं असं दिसतंय, कसं आणि किती ते तुला बघायचंय. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग गर्भारणीला दोन पेले दूध जास्त द्यायचं, झालं, त्याला पीएचडी कशाला. तू हसलीस. दूध प्यावंच, म्हणालीस, पण आपण ते खळाखळा उकळतो त्यात ते बरंचसं मोडतं, आणि उरलेलं पोटात पचून जातं. प्यायल्याने हे होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आईला ते पटलं नाही. पण त्यानंतर ती तुझ्या प्रथिनाला "लोखंड चोरणारं" म्हणायला लागली आणि तुला विद्यापीठातून यायला उशीर झाला की विचारायची, आज किती चोरलं?

तुला हवा होता बाळाच्या पिशवीचा पडदा. वारेला लागून असतो तो, पातळ, ओल्या पतंगी कागदासारखा. बाळंतपण झालं की वार पुरतात किंवा टाकून देतात. तुला त्यातला तळहाताएवढा तुकडा हवा होता, पण जिवंत असताना. इथेच उज्जैनला, देवास गेटजवळ डॉक्टर निगम यांचं प्रसूतिगृह होतं, त्या तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीची थोरली बहीण. त्या म्हणाल्या, ठरवून केलेल्या सिझेरियनच्या वेळी देईन, पण बायकांना विचारायचं तूच. आणि तुकडा प्रयोगशाळेत लवकरात लवकर पोचला पाहिजे. तुझे वर्ग असायचे. माझी बँक टॉवर चौकात. म्हणजे आणायला कोण, तर मी. साहेबांना सांगून जेवणाची सुट्टी पुढेमागे करायची, बर्फाचा डबा स्कूटरला अडकवायचा, देवास गेटहून घ्यायचं, पूल ओलांडून फ्रीगंजातून विद्यापीठ गाठायचं. बँकेत बरेच दिवस समज होता की मी आइस्क्रीमची एजन्सी घेतली आहे.

पहिल्यांदा तुझ्याबरोबर वॉर्डात आलो ते मला आयुष्यभर पुरलं. तराण्याकडच्या खेड्यातली एक पोर होती, दुसऱ्या सकाळी तिचं सिझेरियन. तिने हो म्हटलं, पण तिच्या सासूने तुला अडवलं. म्हातारी खाटेच्या पायाशी बसली होती, घुंघट नाकापर्यंत. "नाल को तम कई करोगा?" तिने विचारलं, म्हणजे वारेचं तुम्ही काय करणार. वारेवर कुणी करणी केली तर बाळाला बाधतं, अशी तिची भीती होती. मी दारात डबा घेऊन उभा. मला वाटलं आता तू त्यांना विज्ञान सांगणार. तू तिच्या शेजारी खाली फरशीवर बसलीस. म्हणालीस, नाल तुमचीच, घरी नेऊन पुरा, मला फक्त वरच्या पडद्याचा एवढासा तुकडा द्या. तिने घुंघट आणखी खाली ओढला. मग तू म्हणालीस, "अम्मा, मेरा पहला बच्चा सातवें महीने में आ गया था। रुका नहीं। क्यों आया, वही ढूँढ रही हूँ।"

म्हातारीने घुंघट वर केला, तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ले जा, बेटी।"

इतक्या वर्षांत ते वाक्य तू घरात कधी बोलली नव्हतीस. मराठीत बोलली नव्हतीस, माझ्याशी बोलली नव्हतीस. एका परक्या बाईला हिंदीत सांगितलंस आणि मी डबा घेऊन दारात उभा राहून ऐकलं. खाली आल्यावर तू मला स्कूटर काढायला सांगितलंस. मी काढली. त्यावर आपण काही बोललो नाही. आज वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तेव्हा तुझी पाठ इतकी ताठ होती की मला ती मोडायची नव्हती.

मग ते डब्याचे दिवस. श्रावणात एका सोमवारी महाकाळाची सवारी, म्हणजे पालखी, निघायची होती, जुन्या शहरातली सगळी गर्दी देवास गेटकडे वळवलेली आणि माझ्या डब्यात तुझा तुकडा. पोलिसाने अडवलं, डब्यात काय म्हणून विचारलं. मी काय सांगणार? "बच्चे का सामान है," म्हणालो. त्याने शिट्टी वाजवून वाट करून दिली आणि वर बधाई दिली. तू पांढऱ्या कोटात फाटकाशी येऊन थांबली होतीस. डबा घेतलास आणि माझ्याकडे न बघता आत पळालीस. तुला पळताना मी फार कमी वेळा पाहिलं.

किती तुकडे वाया गेले ते तुलाच ठाऊक. कधी वीज गेली, कधी मागवलेलं रसायन उन्हाळ्यात वाटेतच खराब झालं, कधी बुरशी आली. तुझे गाइड म्हणाले, विषय बदला मॅडम, इथे हे होत नसतं. तू बदलला नाहीस. शेवटी एकदा घरी आलीस, हातपाय धुतलेस, आईला पोळी वाढलीस आणि सहज सांगितल्यासारखं सांगितलंस की आज दिसलं. पडद्याच्या तुकड्यांना जंतूंचं विष दिलं की दाह पेटवणारे रासायनिक निरोप वाढत होते, आणि सोबत लॅक्टोफेरिन दिलं की ते उतरत होते. मी म्हणालो, मग श्रीखंड आणतो. तू म्हणालीस, थांब, अजून पुन्हा करून बघू दे. मग तू ते पुन्हा केलंस, आणि पुन्हा, इतक्या वेळा की आई म्हणाली, अगं आता त्या लोखंडाला तरी दया येऊ दे. श्रीखंड खूप उशिरा आलं. पण आलं, आणि आईने ते सगळ्या गल्लीत वाटलं. तिला कुणी कारण विचारलं तर ती म्हणायची, आमच्या सुनेने दुधातलं काहीतरी पकडलंय.

तुझ्या तोंडी परीक्षेला मी आणि केतकी मागच्या रांगेत होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, मग या प्रथिनाने वेळेआधी होणारं बाळंतपण टळेल असं तुम्ही म्हणता का? मला वाटलं, आता म्हण हो, एकदाच म्हण. तू म्हणालीस, तसं मी म्हणू शकत नाही. पडद्यात दाह कमी होतो एवढं मी पाहिलं. बाईत काय होईल ते बायकांमध्ये नीट तपासल्याशिवाय कळणार नाही. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि मान डोलावली. मी मात्र घरी येईपर्यंत धुसफुसत होतो. जगात लोक काहीही न करता ढोल पिटतात आणि ही बाई एवढं करून "म्हणू शकत नाही" म्हणते. तू म्हणालीस, "तू न श्री, कर्ज देताना विदाउट कागद देतो का?" नाही देत, म्हणालो. पण पटलं नव्हतं.

आणि मग केतकी.

ती बाळंतपणाला आपल्याकडे आली तेव्हा सातवा संपत आला होता. डॉक्टर निगम यांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. गर्भपिशवीचं तोंड आखूड व्हायला लागलं होतं आणि संसर्गाची चिन्हं होती. त्यांनी औषधं सुरू केली, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, केतकीला भरती करून घेतलं. मी तुला कॉरिडॉरमध्ये गाठलं. म्हणालो, तुझं ते दे तिला. बाजारात त्याची पावडर मिळते, कॅप्सूल मिळते, तूच सांगितलंयस. बाहेर कुठे कुठे डॉक्टर देऊनही बघतायत, हेही तूच सांगितलंयस. दे.

तू म्हणालीस, "माझ्याकडे जे आहे ते लॅबच्या प्लेटमधलं आहे, श्री. केतकी प्लेट नाहीये."

मी आवाज चढवला. इतकी वर्षं काय केलंस मग, म्हणालो. स्वतःच्या पोरीला उपयोग नाही तर कुणाला आहे? तू शांतपणे सांगितलंस की तू निगमबाईंशी बोलली आहेस, तुला माहीत आहे ते सगळं त्यांच्यापुढे ठेवलं आहेस, आणि काय द्यायचं ते त्या ठरवतील, कारण डॉक्टर त्या आहेत आणि तू आई आहेस. त्यांनी ठरवलं, जे नक्की उपयोगी आहे तेच द्यायचं. "आणि मला घाबरलेल्या आईच्या डोक्याने ठरवायचं नाहीये," तू म्हणालीस. तेव्हा मी पाहिलं, हातातली फाइल तू उलटी धरली होतीस. तरी मी थांबलो नाही. जवळजवळ आठवडाभर आपण एकमेकांशी जेवणाच्या डब्याचं झाकण आणि दवाखान्याची फाइल यापलीकडे बोललो नाही.

इरा लवकरच आली. एवढीशी, माझ्या दोन हातांत मावेल अशी, काचेच्या पेटीत. पण इंजेक्शनांना वेळ मिळाला होता, तिचा श्वास चालला होता. केतकी रडत होती, दूध येत नाही म्हणत होती. तू तिच्या पाठीमागे बसलीस आणि तिला हाताने चीक काढायला शिकवलंस. पिवळे, घट्ट थेंब. नर्सने सिरिंजमध्ये घेतले आणि इराच्या गालात एकेक थेंब सोडला. मी काचेबाहेर होतो. तू बाहेर आलीस, माझ्या शेजारी उभी राहिलीस आणि पहिल्यांदा माझ्याशी नीट बोललीस.

"हे द्यायचं," तू म्हणालीस. "याच्याबद्दल मला शंका नाही. आईच्या चिकात ते सगळ्यात जास्त असतं."

"ते म्हणजे तुझं?"

"माझं नाही रे, केतकीचं."

मग तू रडलीस. सातव्या महिन्यात आलेल्या दुसऱ्या बाळासाठी रडलीस की पहिल्यासाठी, ते मी विचारलं नाही. मी तुझा हात धरला. तो तू सोडवला नाहीस.

इरा आता शाळेत जाते, भरपूर बोलते, आणि तुझ्यासारखी प्रत्येक गोष्टीला "पण का?" म्हणते. ते भांडण मात्र आपण कधी मिटवलं नाही. मी अधूनमधून काढायचो, तेव्हा दिलं असतं तर इरा पूर्ण दिवसांची झाली असती. तू म्हणायचीस, असती किंवा नसती, तुला माहीत नाही आणि मलाही नाही. तुझं म्हणणं खरं होतं. माझंही पूर्ण खोटं नव्हतं, असं मला अजून वाटतं. हे ऐकून तू चष्मा पुसत बसली असतीस.

तुला एक सांगायचं राहिलं. तू आजारी असताना भैरवगढची तुझी विद्यार्थिनी फरहीन भेटायला आली होती, तुला झोप लागली होती. तिच्या वडिलांचा कापडछपाईचा कारखाना, तिच्या बोटांना लहानपणी रंग लागलेला असायचा असं तू सांगायचीस. ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, सर, आता मी वॉर्डात जाते बायकांना विचारायला, मॅडमसारखी खाली बसते, आणि मॅडमनी शिकवलंय की हो म्हणाल्या नाहीत तरी त्यांच्याजवळ थोडं बसून यायचं. तुझे दोन शोधनिबंध बाहेरच्या मासिकांत छापून आले, त्याचा मला अभिमान आहेच, ते मी बँकेतल्या सगळ्यांना दाखवले, समजले कुणालाच नाहीत. पण फरहीन त्या दिवशी जे बोलली, त्याने मला जास्त अभिमान वाटला. तू जागी झाल्यावर सांगू म्हटलं. मग तुझी पुढची तपासणी आली, मग पुढचं सगळं आलं.

आणि आपला मुलगा. केतकीला मी सांगितलंय, वैजू. तुझ्या मागे, तुला न विचारता. तिला भाऊ होता आणि तू हे सगळं का सुरू केलंस ते तिला माहीत असायला हवं असं मला वाटलं. ती इराला मांडीवर घेऊन बसली. तू रागावली असतीस की नाही, मला सांगता येत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर तुझ्याबद्दल जे सांगता येत नाही, त्यातलं हे एक.

काल समोरच्या बिल्डिंगमधल्या कुलकर्णीकाकू आल्या. तुझ्या फोटोला नमस्कार केला, बसल्या, मग हळूच म्हणाल्या की त्यांच्या सुनेचं मागच्या वेळी आठव्या महिन्यात झालं होतं, आता पुन्हा दिवस आहेत. तिला चार दिवस अंगावरून पांढरं जातंय आणि ओटीपोट दुखतंय. दवाखान्यात जायला ती घाबरते. मग वैजूची ती दुधाची पावडर घरात असेल तर थोडी द्याल का? त्यांना वाटत होतं, एवढं काम केलंय म्हणजे घरात डबा असणार.

मी म्हणालो, पावडर नाही, आणि असती तरी दिली नसती. ती काम करते की नाही हे अजून नक्की झालेलं नाही, वैजूने स्वतःच्या मुलीलाही दिली नव्हती. दुखतंय तर संसर्ग असू शकतो, आणि संसर्गावर औषध आहे, आज आहे. काकूंचा चेहरा पडला. त्यांना वाटलं मी कंजूषपणा करतोय. मी उठलो, डॉक्टर निगम यांना फोन लावला आणि काकूंना म्हणालो, सुनेला खाली बोलवा, मी रिक्षा थांबवतो.

ती पोर घाबरून बसली होती. मी तिच्याबरोबर गेलो, काकूही आल्या. निगमबाई आता थकल्यात, पण त्यांनी तिला लगेच आत घेतलं. तपासणी झाली, संसर्ग होता, पण पिशवीचं तोंड अजून घट्ट होतं. औषधं सुरू झाली. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, बरं झालं आणलंत, अजून आठवडा काढला असता तर सांगता आलं नसतं. पुढे काय होईल, विचारलं तर त्यांनी कुणास ठाऊक म्हणून हात उलटा करून दाखवला. तुझ्यासारखंच.

बाळ पूर्ण दिवसांचं होईल की नाही ते मला माहीत नाही, वैजू. तुलाही नसतं. पण पोर वेळेत पोचली.